जीर्णतेचा आभास : संगणकीय चित्रांतील झिजक्या पोताचा पूर्वेतिहास

१

जुन्या वस्तूच्या पृष्ठभागावर काळाच्या खुणा उमटतात. भिंतीला पोपडे येतात, कागद पिवळा पडतो, पोथीच्या पानाची कड बोटांच्या घामाने काळवंडते, वारंवार उलगडल्या जाणाऱ्या पत्राला प्रथम घडीवर चीर पडते. ह्या खुणा कोणी मुद्दाम केलेल्या नसतात. त्या घडत जातात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मात्र ह्या खुणा वस्तूपासून सुट्या करून साठविण्याची आणि हव्या त्या चित्राच्या पार्श्वभूमीवर पसरण्याची सोय झाली. चित्रसंपादनाच्या संगणक-प्रणालींच्या साहाय्याने आज कोणीही थोड्या वेळात शतकाचा मळ तयार करू शकतो. अशा पार्श्वभूमीस मुद्रण व आरेखन व्यवसायात ‘ग्रंज टेक्श्चर’ असे नाव आहे; मराठीत तिला झिजका किंवा मळकट पोत म्हणावयास हरकत नाही.

हा पोत म्हणजे संगणकाने आणलेली एक हौस, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास पाहता तो पुरेसा वाटत नाही. जीर्णतेविषयीची रुची, पृष्ठभाग टिपून घेण्याची कला आणि अनियमिततेचे गणित असे तीन निरनिराळे प्रवाह ह्या पोतात एकत्र आलेले आहेत. त्यांचा संगम कसा झाला हे पाहणे, आणि जुन्या कागदांचा पुरावा म्हणून उपयोग करणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचा परिणाम काय होतो ह्याचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

ह्या विचारास चिन्हमीमांसेतील एक भेद उपयोगी पडतो. चार्ल्स सँडर्स पर्स ह्या अमेरिकन तत्त्ववेत्त्याने चिन्हांचे तीन प्रकार मानले. धूर हा अग्नीचा निर्देशक असतो, कारण तो अग्नीपासूनच निघालेला असतो. चित्र हे सादृश्यामुळे वस्तूचे चिन्ह ठरते. शब्द हा केवळ संकेताने अर्थवान होतो. कागदावरील खरा डाग पहिल्या प्रकारचे चिन्ह आहे. झिजक्या पोताचा इतिहास म्हणजे ह्या निर्देशकाचे प्रथम सादृश्यात आणि पुढे संकेतात झालेले रूपांतर होय.

२

खडबडीतपणा दोष न मानता गुण मानण्याची रुची इंग्लंडात अठराव्या शतकात दृढ झाली. वूस्टरशर परगण्यातील हॅग्ली येथील उद्यानात सँडरसन मिलर ह्यांनी १७४७-४८ मध्ये एक पडका किल्ला नव्यानेच बांधला. तो कधी उभा नव्हता, म्हणून कधी पडलाही नव्हता. पुढे विल्यम गिल्पिन ह्यांनी १७९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तीन निबंधांत ‘सुंदर’ आणि ‘चित्रोपम’ ह्यांतील भेद सांगताना खडबडीतपणा हेच चित्रोपमाचे प्रधान लक्षण ठरविले. त्यापूर्वी १७८२ मध्ये छापलेल्या वाय नदीकाठच्या प्रवासवर्णनात टिंटर्न येथील भग्न मठाविषयी लिहिताना त्यांनी एक विलक्षण सूचना केली होती. मठाच्या त्रिकोणी भिंतींची टोके फार नियमित असल्यामुळे डोळ्यांना खुपतात. जपून चालविलेल्या मोगरीने त्यांतील काही फोडली तर बरे होईल, असे त्यांना वाटले. हे धाडस करील कोण, अशी शंकाही त्यांनीच सोबत व्यक्त केली. जीर्णतेत काही उणे असेल तर ते हाताने भरून काढावे, हा विचार येथे स्पष्टपणे मांडला गेलेला दिसतो.

ह्या रुचीचे शास्त्रीय विवेचन व्हिएन्नातील कलेतिहासकार आलोइस रीगल ह्यांनी १९०३ मध्ये स्मारकांविषयीच्या आपल्या निबंधात केले. ऐतिहासिक मूल्य आणि वयोमूल्य अशी दोन मूल्ये त्यांनी वेगळी काढली. ऐतिहासिक मूल्य जाणण्यास वस्तू कोणत्या काळाची, कोणी केलेली, हे माहीत असावे लागते. वयोमूल्य मात्र कसलाही अभ्यास नसलेल्या माणसालाही दिसताक्षणी जाणवते. पृष्ठभाग झिजलेला आहे एवढे त्यास पुरेसे असते. रीगल ह्यांच्या विवेचनात ही झीज खरीच असावी लागते, हे गृहीत आहे. परंतु जे मूल्य कोणत्याही विशिष्ट घटनेच्या ज्ञानावाचून पटते, ते त्या घटनेवाचूनही निर्माण करता येईल, ही शक्यता ह्याच भेदात दडलेली होती.

३

खोटी जीर्णता म्हटली की प्रथम बनावट कलाकृती आठवते. ह्या संदर्भात डच चित्रकार हान व्हान मेखेरन ह्याचे उदाहरण बोलके आहे. सतराव्या शतकातील चित्रकार फर्मेर ह्याच्या नावावर खपविलेले ‘एम्माउस येथील भोजन’ हे त्याचे चित्र १९३७ मध्ये आब्राहम ब्रेडियुस ह्या मान्यवर कलापंडिताने अस्सल ठरविले आणि पुढे ते रॉटरडॅमच्या संग्रहालयाने मिळविले. व्हान मेखेरन ह्याने सतराव्या शतकातील खरा कॅनव्हास वापरला. तेलाऐवजी फिनॉल व फॉर्माल्डिहाइड ह्यांपासून होणारे राळेसारखे द्रव्य रंगांत मिसळले. चित्र भट्टीत तापवून कठीण केले. मग ते नळकांड्यावर गुंडाळून त्याला भेगा पाडल्या आणि त्या भेगांत काळी शाई भरली. १९४५ मध्ये त्यास अटक झाली आणि १९४७ मध्ये त्याच्यावर खटला चालला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. बनावट चित्र करणाऱ्यास काळाच्या कार्यपद्धतीचा अभ्यास करावा लागतो. भेग का पडते, धूळ कोठे साचते, हे त्यास ठाऊक असावे लागते, कारण त्याची परीक्षा तज्ज्ञांकडून व्हावयाची असते. झिजका पोत तयार करणाऱ्यावर असे बंधन नसते. त्यास कोणास फसवावयाचे नसते. पाहणाऱ्यास ‘हे जुने आहे’ असे खरोखर वाटावे, अशीही त्याची अपेक्षा नसते. त्यास हवा असतो तो जुनेपणाचा भाव. म्हणून ह्या पोताचे मूळ बनावट कलाकृतींच्या परंपरेत शोधण्यापेक्षा दुसऱ्या एका परंपरेत शोधणे अधिक योग्य ठरते.

ती परंपरा पृष्ठभाग टिपून घेणाऱ्या चित्रकारांची होय. फ्रान्सच्या समुद्रकाठी एका खाणावळीत उतरला असता माक्स एर्न्स्ट ह्याने १९२५ मध्ये घासून झिजलेल्या लाकडी तक्तपोशीवर कागद ठेवून त्यावर शिसे चोळले आणि लाकडाच्या शिरांचे ठसे मिळविले. १९४९ मध्ये रेमाँ एँस व जाक व्हिलग्ले ह्या दोघा तरुणांनी पॅरिसच्या भिंतींवरील, एकावर एक चिकटविलेली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी फाडलेली भित्तिपत्रके काढून आणून तीच कलाकृती म्हणून मांडली. झां द्युबुफे ह्याने १९५७-५८ मध्ये ‘टेक्स्च्युरोलॉजी’ ह्या मालिकेत जमिनीच्या पृष्ठभागासारखे दिसणारे, आकृतिविरहित पोत रंगविले. ह्या तिन्ही प्रयत्नांत आकृती मागे पडून पार्श्वभूमीच चित्राचा विषय झाली. १९६६ मध्ये फिल ब्रॉडॅट्झ ह्या छायाचित्रकाराने विटा, गवत, वाळू, कापड, कातडे इत्यादींच्या ११२ पोतांचा संग्रह चित्रकार व आरेखक ह्यांच्या उपयोगासाठी प्रसिद्ध केला. त्याचा लाभ चित्रकारांपेक्षाही संगणकाकडून चित्रांचे विश्लेषण करवून घेणाऱ्या संशोधकांनी अधिक घेतला. पोत ओळखण्याच्या रीती पारखण्यासाठी ही छायाचित्रे अनेक दशके प्रमाण म्हणून वापरली गेली. पोत ही वस्तूपासून वेगळी काढून क्रमांकाने ओळखण्याची चीज झाली, ती अशा रीतीने.

४

संगणकाच्या बाजूने पाहता प्रश्न उलट होता. कागद, लाकूड, दगड ह्यांना पोत आपोआप असतो. संगणकाने काढलेल्या आकृतीस तो मुळीच नसतो. एड कॅटमल ह्यांनी युटा विद्यापीठास १९७४ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात त्रिमितीय आकृतीच्या पृष्ठभागावर चित्र गुंडाळण्याची रीत दिली. परंतु असे चित्र आधी कोठून तरी मिळवावे लागे. १९८२ च्या ‘ट्रॉन’ ह्या चित्रपटाच्या संगणकीय दृश्यांवर काम करणाऱ्यांपैकी केन पर्लिन ह्यांना त्या दृश्यांचा अतिगुळगुळीत, यांत्रिक चेहरा खटकला. त्यावर उपाय म्हणून त्यांनी नियंत्रित अनियमिततेची एक गणिती रीत शोधून १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. जाळीच्या छेदबिंदूंवर यादृच्छिक दिशा द्यावयाच्या, त्यांच्यामधील जागा सलग चढउतारांनी भरावयाच्या, आणि असे मोठे व बारीक अनेक थर एकमेकांत मिळवावयाचे, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. संगमरवर, ढग, गंज, डाग असे अनेक पोत त्यातून साधतात. ह्या कार्यासाठी पर्लिन ह्यांस १९९७ मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

थॉमस नोल ह्यांनी १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात विद्यार्थी असताना लिहिण्यास आरंभ केलेली आणि त्यांचे बंधू जॉन ह्यांच्या सहकार्याने वाढविलेली प्रणाली ‘फोटोशॉप’ ह्या नावाने अडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणली. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत तीत ‘लेयर’ म्हणजे स्तर आले. झिजक्या पोताच्या दृष्टीने ही घटना निर्णायक होय. एका चित्रावर दुसरे चित्र ठेवून ती कोणत्या नियमाने मिसळावीत हे आता ठरविता येऊ लागले, आणि ते ठरवून झाल्यावर पुन्हा बदलताही येऊ लागले.

ह्या नियमांपैकी ‘मल्टिप्लाय’ म्हणजे गुणाकाराचा नियम उदाहरणादाखल पाहावा. प्रत्येक बिंदूची उजळता ० ते २५५ ह्या अंकांनी दर्शविली जाते. खालच्या व वरच्या स्तरांतील अंकांचा गुणाकार करून त्यास २५५ ने भागावयाचे. खालचा बिंदू २०० आणि वरचा १२८ असेल तर फल सुमारे १०० येते, म्हणजे तो भाग काळवंडतो. वरचा बिंदू शुभ्र, म्हणजे २५५ असेल तर खालच्या बिंदूत काहीच बदल होत नाही. ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की, चहाचा डाग पडलेला पांढरा कागद स्कॅन करून ह्या नियमाने वर ठेवला असता कागद नाहीसा होतो आणि डाग तेवढा उरतो. डाग आणि तो ज्यावर पडला तो कागद ह्यांची जी फारकत प्रत्यक्षात कधीही शक्य नाही, ती ह्या साध्या गुणाकाराने शक्य झाली.

बाकीची कृती सर्वत्र जवळजवळ सारखीच आहे. करड्या किंवा पिवळसर रंगाच्या पायावर ‘नॉइज’ ह्या साधनाने बारीक कण पसरावयाचे. ते किंचित अंधुक करावयाचे. ‘क्लाउड्स’ ह्या साधनाने ढगांसारखे डाग त्यात मिळवावयाचे. छायाभेद वाढवून डागांच्या कडा तीव्र करावयाच्या. भिंतीचे, गंजलेल्या पत्र्याचे किंवा सुरकुतलेल्या कागदाचे छायाचित्र वर ठेवून गुणाकाराच्या नियमाने मिसळावयाचे. ओरखडे उमटविणारा ब्रश फिरवावयाचा. आणि शेवटी चारही कडा काळवंडून टाकावयाच्या. पोत लहान असून मोठ्या जागेवर पुन्हा पुन्हा लावावयाचा असेल तर त्याच्या कडा एकमेकींशी जुळवून घ्याव्या लागतात. २००२ च्या सातव्या आवृत्तीत ह्या प्रणालीस पोतयुक्त ब्रशांची नवी यंत्रणा मिळाली; त्याच आवृत्तीत छायाचित्रातील डाग व सुरकुत्या बेमालूम पुसणारा ‘हीलिंग ब्रश’ही आला. खरे डाग पुसणे आणि खोटे डाग घालणे ह्या दोन्ही कामांची साधने एकाच पेटीत शेजारी शेजारी बसली.

५

साधन मिळाले म्हणून त्याचा वापर झाला, असे म्हणणे अपुरे ठरेल. १९८५ मध्ये लेझर-मुद्रक व पृष्ठरचनेची संगणक-प्रणाली एकत्र आल्यामुळे अमेरिकेत छपाईची पूर्वतयारी टेबलावर बसून करणे शक्य झाले. अक्षर स्वच्छ, ओळ सरळ, समास काटेकोर हे गुण त्यामुळे स्वस्त झाले, आणि जे स्वस्त होते त्याचे मोल उतरते. ह्याच सुमारास पंक संगीताच्या परंपरेतून आलेली हस्तनिर्मित, छायाप्रतींवर काढलेली पत्रके तरुणांना परिचित होती. लंडनमध्ये १९७६ मध्ये निघालेले ‘स्निफिन ग्लू’ हे त्यांतील प्रसिद्ध पत्रक होय. छायाप्रतीची छायाप्रत काढताना अक्षर तुटत जाते. ही तूट गरिबीची खूण होती, आणि म्हणूनच सच्चेपणाचीही मानली गेली.

‘ग्रंज’ हा शब्द अमेरिकी बोलीत घाण, मळ ह्या अर्थाने १९६० नंतरच्या दशकात रूढ झाला. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो सिअ‍ॅटल शहरातील एका संगीतप्रकाराचे नाव झाला आणि १९९१ मध्ये ‘नर्व्हाना’ ह्या वाद्यवृंदाच्या ‘नेव्हरमाइंड’ ह्या ध्वनिमुद्रिकेने जगभर पोचला. तेथून तो आरेखनात आला. बॅरी डेक ह्यांनी १९९० मध्ये धुलाईच्या दुकानातील एका झिजक्या पाटीवरून ‘टेम्प्लेट गॉथिक’ हा टंक घडविला. एरिक व्हान ब्लोकलंड ह्यांनी १९९१ मध्ये जुन्या टंकलेखन-यंत्राच्या मळक्या अक्षरांवरून ‘ट्रिक्सी’ हा टंक काढला. १९९२ मध्ये निघालेल्या ‘रे गन’ ह्या संगीतविषयक नियतकालिकाचे कलासंपादक डेव्हिड कार्सन ह्यांनी तुटकी, एकमेकांवर चढलेली अक्षरे व मळकट पार्श्वभूमी हीच त्याची ओळख केली; १९९४ मध्ये एक मुलाखत तर त्यांनी केवळ चिन्हे असलेल्या टंकात, म्हणजे वाचताच येणार नाही अशा रूपात छापली. १९९५ च्या ‘सेव्हन’ ह्या चित्रपटाच्या काइल कूपर ह्यांनी केलेल्या श्रेयनामावलीत अक्षरे फिल्मवर प्रत्यक्ष खरवडलेली होती. स्टीव्हन हेलर ह्यांनी १९९३ मध्येच ‘आय’ ह्या नियतकालिकात आरेखनातील कुरूपतेच्या ह्या उपासनेवर कठोर टीका केली होती. पहिली प्रतिक्रिया बंडाची होती. परंतु बंडाचे साधन प्रत्येकाच्या संगणकात तयार मिळू लागताच बंडाचे रूपांतर शैलीत झाले. डिसेंबर २००९ मध्ये आलेले ‘हिप्स्टमॅटिक’ आणि ऑक्टोबर २०१० मध्ये आलेले ‘इन्स्टाग्राम’ ह्यांनी छायाचित्राची जीर्णता एका स्पर्शावर आणून ठेवली. २०१२-१३ च्या सुमारास मोठ्या संगणक-कंपन्यांनी सपाट, पोतविरहित रचना स्वीकारली आणि पडद्यावरील चामडे, कापड व कागद ह्यांचे आभास मागे पडले. तथापि ‘प्राचीन’ असे काही सुचवावयाचे झाले की हा पोत आजही हटकून पुढे येतो.

६

येथे मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. खऱ्या झिजेस एक प्रकारचे व्याकरण असते. भाषेत ज्याप्रमाणे कोणताही प्रत्यय कोणत्याही शब्दास लागत नाही, त्याप्रमाणे कोणतीही खूण वस्तूच्या कोणत्याही भागावर पडत नाही. घडी प्रथम घडीवरच फाटते. पाण्याचा डाग पसरत जाऊन थांबतो आणि जेथे थांबतो तेथे त्याची कड अधिक गडद होते. कसरीची भोके एका पानातून पुढच्या पानात जातात. पानाच्या कडा हवा व उजेड ह्यांना अधिक उघड्या असल्यामुळे आधी काळवंडतात. प्रत्येक खुणेमागे कारण असते आणि अनेक खुणा मिळून एक सुसंगत वृत्तांत सांगतात. कृत्रिम पोतात खुणा आहेत, परंतु त्यांचा अन्वय नाही. तेथे डाग अक्षराखालून जातो की वरून, हा प्रश्नच उद्भवत नाही. जीर्णतेची शब्दसंपत्ती त्याने घेतली, वाक्यरचना घेतली नाही.

ह्याचा प्रत्यय महाराष्ट्रातच सहज येतो. शिवकालावरील वा पेशवाईवरील पुस्तकाचे मुखपृष्ठ, व्याख्यानाचे भित्तिपत्रक, खलित्याच्या आकाराची लग्नपत्रिका ह्यांवर एक ठराविक कागद दिसतो : गर्द पिवळा, कडा जळाल्यासारख्या तपकिरी आणि फाटक्या, मधोमध तेलकट डाग, त्यावर तपकिरी शाईतील मोडी अक्षरे. हा कागद मराठ्यांच्या दप्तरांतला नव्हे. दौलताबादी, जुन्नरी इत्यादी कागद चिंध्यांच्या अथवा तागासारख्या तंतूंच्या लगद्यापासून हाताने केलेले असत. त्यांतील तंतू लांब व बळकट असल्यामुळे असा कागद शतकांनंतरही अनेकदा चिवट व बराच उजळ राहिलेला आढळतो. भराभर पिवळा व ठिसूळ होतो तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आलेला, लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद. त्यामुळे १९२० च्या सुमाराचे वर्तमानपत्र १७६० च्या पत्राहून अधिक ‘प्राचीन’ दिसावे, असा प्रकार घडतो. शाईचेही तसेच. बोरूने लिहिलेल्या मोडी कागदांची शाई बहुधा काजळाची असे आणि काजळ उडून तपकिरी होत नाही. काळाची तपकिरी होते ती युरोपात रूढ असलेली लोह व मायफळ ह्यांची शाई. म्हणजे मुखपृष्ठावरील मोडी लेखाचा कागद एकोणिसाव्या शतकानंतरच्या कारखान्याचा, शाई युरोपातील आणि लिपी तेवढी महाराष्ट्रातील, असा संकर झालेला असतो.

मुखपृष्ठ हे शोभेसाठी असते, त्यावर इतके गंभीर आक्षेप कशाला, असे कोणी म्हणेल. शोभेविषयी तक्रार नाहीच. परंतु संकेत एकदा दृढ झाला की तो अपेक्षा घडवितो. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासात अस्सल व बनावट कागद ओळखताना मायना, कालोल्लेख, अक्षरवळण व शिक्का ह्यांबरोबर कागद व शाई ह्यांचीही साक्ष घ्यावी लागते. ज्या विद्यार्थ्याने जुना कागद प्रथम पडद्यावर आणि तोही ह्या पोताच्या रूपात पाहिला, त्याच्या मनात जुनेपणाचे माप आधीच ठरून जाते. दप्तरातील स्वच्छ, उजळ, काळ्याभोर अक्षरांचा अस्सल कागद हाती आल्यावर त्यास तो संशयास्पद वाटावा आणि पिवळ्या कागदावरची अलीकडची नक्कल विश्वसनीय वाटावी, हा धोका काल्पनिक नाही.

अलीकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. आजवर पोत करणारा निदान एखादी खरी भिंत, खरा कागद स्कॅन करीत असे. सादृश्याचा धागा तेवढा तरी शिल्लक होता. साठविलेल्या असंख्य चित्रांवरून नवी चित्रे रचणाऱ्या प्रणालींत तोही तुटत चालला आहे. ‘जुने पत्र’ मागितले असता त्या बहुधा तोच जळक्या कडांचा कागद पुढे करतात, कारण पूर्वीच्या चित्रांत तोच पुष्कळ आहे. एक संकेत दुसऱ्या संकेतास जन्म देतो आणि मूळ वस्तू साखळीतून बाहेर पडते.

ह्यावर उपाय साधे आहेत, आणि ते करणाऱ्याच्या हाती आहेत. कागदपत्रांची छायाचित्रे प्रसिद्ध करताना रंग व छायाभेद ह्यांत फेरफार न केलेली एक प्रत रंगमापक पट्टी व मोजपट्टी ह्यांसह जपून ठेवावी; प्रकाशित चित्रात काही सुधारले वा मिळविले असल्यास तसे नमूद करावे; शोभेच्या पार्श्वभूमीवर मूळ लेखाचे छायाचित्र मिसळू नये; आणि मोडी शिकविताना लिपीबरोबर कागदही हातात द्यावा. कागद उजेडासमोर धरला की साच्याच्या काड्यांच्या रेषा दिसतात, बोटांना घोटाईचा गुळगुळीतपणा लागतो आणि घडीचा पीळ कळतो. त्या ज्ञानास पडद्यावर अद्याप पर्याय नाही.